पळायचं केव्हा

जुईनगरच्या मीना साळवेंच्या घरी पोहे भिजलेले, दूध गॅसवर आणि मुलगा अश्विन मोज्यांच्या शोधात. तेवढ्यात दार धडधडलं. बेल असताना दार बडवणारा माणूस एकच: नंदकुमार, मुलींच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर, टीममधल्या क्षिप्राचे वडील.

"ताई, काल सेमीफायनलला पेनल्टीवर कसेबसे वाचलो. रविवारी फायनलला त्या नमिताला बाहेर बसवा. आणि कडेची फ्री किक क्षिप्रा डायरेक्ट गोलवर मारेल."

मीनाचं डोकं सणकलं. परभणीत पोरांमध्ये अनवाणी खेळून शिकलेली ही बाई आता तळोज्याच्या एका कंपनीत क्लार्क. ऑफिसच्या आधी दोन तास मैदानावर मुलींना शिकवते, गेली आठ वर्षं. रागावली की तिचा आवाज खाली जातो. तसाच तो गेला.

"डायरेक्ट? मैदानाच्या कडेवरून गोल केवढा दिसतो ठाऊक आहे? दाराच्या फटीएवढा!"

तिने ओट्यावरच्या वाट्या ओढल्या. "ही त्यांची गोलकीपर. ही बचावाची रांग. क्षिप्राचा चेंडू वळत येऊन या दोघांच्या मधे पडायला हवा. कीपरला कळू नये, पुढे यावं की थांबावं. आपली एक पोर जवळच्या खांबाकडे धावून बचाव ओढते, दुसरी मधे घुसते, नमिता लांबच्या खांबावर. तिघी सुटतात रांगेच्या अलीकडून. कधी? पाय चेंडूला लागला की. त्याआधी रांग ओलांडली तर ऑफसाइड."

"तेच तर! काल नमिता आधी पळाली. ऑफसाइड! झालेला गोल गेला."

"का पळाली?"

"मला काय माहीत?"

"'पळ, नमिता, पळ!' कोण बोंबललं?"

"आख्ख्या नेरुळला ऐकू गेलं," अश्विन आतून म्हणाला.

नंदकुमार चपलांकडे बघू लागले. "अहो, जीव तुटतो म्हणून ओरडतो माणूस."

"जीव तुमचा तुटतो, शिव्या तिला! सगळ्यांसमोर विचारलंत, डोकं घरी ठेवून आलीस का? दोन गाड्या बदलून नावड्याहून येते ती. मोठ्या माणसाचं ऐकायचं एवढंच शिकलीय, तेच केलं तिने. आणि आता तिलाच बाहेर बसवायचं?"

दूध उतू गेलं. कुणी गॅसकडे वळलं नाही.

"मग काय करू मी?" नंदकुमार पुटपुटले.

"नमिता खेळेल. तुम्ही फक्त एक करा, भाऊ. क्षिप्राचा पाय चेंडूला लागेपर्यंत गप्प राहा."