टोमॅटो नारायणगावचे, कोर्ट सुरतचं

१२ मार्च २००८, सकाळी साडेअकरा. मी जुन्नर कोर्टाबाहेर वकिलांसमोर सौद्याचा कागद घेऊन बसलो होतो. मित्रांनो, सुरतच्या व्यापाऱ्याने आमच्या टोमॅटोचे पैसे बुडवलेत.

मी विचारलं, "दोन राज्यांतल्या माणसांचं भांडण दिल्लीचं मोठं कोर्ट ऐकतं ना?"

वकील हसले. "राव, तिथं सरकारं भांडत्यात. तुमी इथं दावा लावला तरी तो व्यापारी हा कागद दाखवनार. खाली छापलंय, वाद फक्त सुरतच्या कोर्टात. सही तुमचीच ना?"

माझीच. ट्रक सुटताना सही करण्याआधी मी क्रेट तीनदा मोजले होते. छापील ओळी आमच्याकडे कोणीच वाचत नाही.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "सुरतेला किती चकरा मारशील? सोड आता."

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाऊन पैसे आणलेत का?

आजचा एसटीचा आणि वकिलाचा खर्च दोनशे दहा. येणे अठरा हजार, तेही वहीतच राहणार.