खच्चर कंपनीवाला आणि संत्र्याचा ताण

खच्चर कंपनीत एक कायदा होता, कुठल्याही साहेबाच्या सहीपेक्षा मोठा: आधी खच्चर पाणी पिणार, मग माणूस. नायक गोविंदा रंगारीनं तो सतरा वर्षं पाळला. बर्फात पाळला, एकाहत्तरच्या लढाईत पाळला. पेन्शनीवर येऊन काटोलच्या वाटेवर दोनशे संत्र्यांची बाग घेतली, तरी तो कायदा अंगातून गेला नाही. पहाटे पाचला विहिरीवरचं इंजिन सुरू. झाडं पाणी प्यायल्याशिवाय हा चहाला हात लावत नसे.

फौजेतून शेतीत आलेल्या माणसाला शिकवायचं कोणी? शेतकी कचेरीतून एक पत्रक आलं होतं. खताचे आकडे, फवारणीचं वेळापत्रक, सगळं होतं. लिहिणाऱ्याच्या नखात कधी माती गेलेली नव्हती, हेही दुसऱ्याच ओळीत कळत होतं. ज्यांना येतं त्यांना विचारतो कोण? रंभाबाई चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बागांत राबलेली. स्वतःच्या नावावर एक झाड नाही, पण त्या भागातले तीन माजी सैनिक तिनं शेतकरी केले. गोविंदा चौथा.

पहिल्या दिवशी "जय भीम" झाल्याबरोबर ती म्हणाली, "फौजी, डिसेंबर लागला. उद्यापासून पाणी बंद. चाळीस दिवस."

"मरतील ना झाडं, मावशी!"

"मरत नाही गा. याले ताण म्हणते. सुखात असलं का संत्र्याचं झाड नुसता पाला वाढवते. तहानेनं जीव घाबरा झाला, का मंग पाण्यावर फुलते."

गोविंदाला हा बहार चुकवून चालणार नव्हतं. त्याची बायको कौशल्या शहरातल्या प्रतापनगरच्या दोन खोल्या सोडून त्याच्यामागे बागेत राहायला आली होती. तिचा भाऊ मनोहरराव, त्यानं तिथल्याच सदर भागातल्या एका दुकानात चौकीदाराची जागा होळीपर्यंत अडवून ठेवलेली. घरात बोली एवढीच झाली होती: झाडं फुलली तर बाग, नाही तर चौकीदारी. दुसऱ्याच्या शटरसमोर स्टुलावर बसायचं, या विचारानंच गोविंदाचे कान तापत.

पाणी बंद झालं. वीस दिवसांनी दुपारची पानं दुमडू लागली, आणि इकडे गोविंदाच्या घशाखाली घोट उतरेना. कोरडी भाकर चावत बसायचा. कौशल्या चिडली, "ताण झाडायले देला का तुमाले?"

अठ्ठाविसाव्या दिवशी ती काटोलच्या बाजारात गेली आणि याचा धीर सुटला. विहिरीजवळची पाच झाडं फारच मलूल दिसत होती. त्यानं दोन बादल्या घेतल्या आणि पाचही झाडांना पोटभर पाजलं. मग स्वतः तांब्याभर प्यायला.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई आली आणि विहिरीपाशीच थांबली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"काहून गा फौजी, येवढ्यातच पाऊस पडला का?"

गोविंदा सावधान उभा. "मले पाहवलं नाही, मावशी."

"लढाईतल्या गोळ्या पाहवल्या, आन् पान दुमडलेलं पाहवत नाही!" ती तरातरा इंजिनाकडे गेली, ते फिरवून सुरू करायचं हँडल काढलं आणि कमरेला खोचलं. "हे माह्याजवळ राहीन."

"बादल्या हायेत ना," कौशल्या हळूच म्हणाली.

"त्याबी दे."

"मंग सैपाकाले पाणी कायनं आणू वं मावशी?"

"पितळी गुंड हाये ना? गुंडानं भर. गुंडानं दोनशे झाडायले पाणी पाजून दाखवू दे याले!"

तेव्हा गोविंदानं खाली मान घालून खच्चरांचा कायदा सांगितला. म्हातारीचा आवाज उतरला.

"मुकं जनावर, त्याले आधी. बरोबर हाये तुहं. पण बापा, झाडाले तू दुपारी पाहून राहिला. दुपारी त सगळेच मान टाकते. पहाटे पाह्य. पहाटे पान उघडलं असन, त झाड दम धरून हाये. पहाटेबी दुमडलेलं असन, तवा समज का जिवावर आलं."

तेव्हापासून पहाटे पाचला इंजिनाऐवजी गोविंदा निघायचा. हात मागे बांधून, ओळीनं, प्रत्येक झाडापुढे थांबत.

चाळिसावा दिवस उजाडला. रंभाबाईनं हँडल त्याच्या हातात ठेवलं. "घे. सोड पाणी."

गोविंदा आधी बाग फिरून आला. परत आला तेव्हा ओठ सुकलेले. हुकूम मोडायची सवय नसलेला माणूस तो. तरी म्हणाला, "आज नाही, मावशी. पानं उघडी हायेत."

रंभाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हँडल परत कमरेला खोचलं आणि म्हणाली, "कौशल्ये, चहा टाक वं. फौजीलेबी दे."

तीन दिवसांनी पानं पहाटेही मिटलेली राहिली. मग पाणी सुटलं. पहिल्यांदा हलकं, नंतर भरपूर.

होळीच्या आधी मनोहरराव आला तो बांधावरच थबकला. ओळीच्या ओळी पांढऱ्या झालेल्या, मधमाश्यांनी बाग नुसती घुमत होती. तरी मेव्हणाच तो, म्हणाला, "भाऊजी, दुकानवाला विचारून राहिला. कवा येता?"

गोविंदानं तोंड उघडायच्या आत कौशल्या बोलली, "दादा, त्याले म्हणा दुसरा माणूस पाह्य. ह्यायले इथं सुट्टी नाही."

मनोहरराव हसला. मग विहिरीकडे बोट करून म्हणाला, "आन् हे पाच काहून हिरवेगार? एक फूल नाही."

"ते पाच माह्या अकलेचे," गोविंदा म्हणाला. "बाकीचे मावशीच्या."

"खोटं नोको बोलू गा," रंभाबाई खेकसली. "शेवटचे तीन दिवस तुहे होते."