तिप्तोचे फटके

झान्नी कोळ्याचं शिक्षण एका क्रियापदापाशी संपलं. प्राचीन ग्रीकमधलं ‘तिप्तो’, म्हणजे मी मारतो. थेओफानिस मास्तर वर्गात त्याची रूपं म्हणवून घेत आणि चुकलेल्या प्रत्येक रूपाला हातावर एक छडी देत. झान्नी सगळीच चुकायचा. चौदाव्या वर्षी तो शाळेतून पळाला तो थेट होडीत. रूपं मात्र तळहातातून गेली नाहीत.

पुढे पन्नास वर्षं तो बेटाच्या धक्क्याजवळच्या खडकावर ऑक्टोपस आपटत राहिला, एका रूपाला एक फटका. तिप्तो, तिप्तिस, तिप्ती. मी मारतो, मी मारणार, मी मारलं, मला मारलं गेलं. शेवटच्या रूपापर्यंत ऑक्टोपस लोण्यासारखा मऊ. मारूसाच्या खानावळीत गिऱ्हाईक त्यासाठीच यायचं.

मग नव्वदीचे मास्तर अथेन्सहून बेटावर परत आले, तोंडात एकही दात नाही. रोज सकाळी ते खडकाजवळ खुर्ची टाकून बसत आणि दुपारी मारूसाकडे तो मऊ ऑक्टोपस खात. झान्नी मुद्दाम मोठ्याने म्हणू लागला. त्याला त्यांच्या तोंडून एकदा ‘शाबास’ ऐकायचं होतं. चौसष्टाव्या वर्षी ही हौस हसण्यासारखी आहे, पण होती.

एके दिवशी तो एकही चूक न करता शेवटपर्यंत गेला आणि मास्तरांकडे बघत राहिला.

“यातली निम्मी रूपं कुणी कधी बोललंच नाही,” मास्तर म्हणाले. “व्याकरण लिहिणाऱ्यांनी तक्ता भरायला घरी बसून बनवली.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“तेव्हाही माहीत होतं. तक्त्यात होती, म्हणून घेतली.”

कोणती खरी ते त्यांच्याकडून विचारून घेऊन दुसऱ्या दिवसापासून झान्नीने फक्त तीच रूपं म्हटली. फटके निम्मे झाले आणि ऑक्टोपस चपलेसारखा. गिऱ्हाईक ताटं परत पाठवू लागलं.

“अरे, नुसते आकडे मोजून मार ना,” मारूसा वैतागली.

“आकड्यांवर माझा हात उठत नाही.”

मास्तर तीन दिवस सूपवर काढून चौथ्या दिवशी काठी टेकत आले. “झान्नी, गाढवा, भूक लागलीय.”

“आधी म्हणा, चुकलो.”

मास्तरांनी काठी खडकाला टेकवून ठेवली. “चुकलो. निम्म्या छड्या मी उगाच मारल्या.”

“निम्म्या?”

“सगळ्या.”

झान्नीने ऑक्टोपस उचलला. खरी रूपं संपली आणि खोट्यांवर तो अडला. तेव्हा खोटी मास्तर स्वतः म्हणू लागले, एकेक, स्पष्ट. झान्नी आपटत होता आणि दर फटक्याला मास्तरांचा तळहात, छडी चुकवावी तसा, आपोआप मागे जात होता.