फोटोतली तीट

बीडच्या बसस्थानकावर सकाळी पावणेसातची धारूर गाडी लागली, तेव्हा कंडक्टरने माझी कॅमेऱ्याची बॅग बघून विचारलं, "लगीन कुणाचं हाय, ताई?"

पुण्यात मी लग्नांचेच फोटो काढते, तेव्हा माणूस अगदीच चुकला नव्हता. "लग्न नाही, बाळाचा फोटो काढायचाय," म्हटलं.

"बारसं म्हणा की," म्हणत त्याने तिकीट हातात ठेवलं. मी पुढे बोलले नाही. खरं सांगितलं की शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर जाते, असं याआधी दोनदा झालंय.

खरं हे की, मृत जन्मलेल्या किंवा जन्मल्यावर लगेच गेलेल्या बाळांचे फोटो मी त्यांच्या आईबापांसाठी काढते. फुकट, आणि बोलावलं तरच जाते. अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी पोटातच गेली. घरच्यांनी परस्पर ठरवलं, हिला दाखवायची नाही, माया लागेल. अहो, नऊ महिने पोटात होती, आता माया लागायची काय शिल्लक राहिली होती? तिचं नाक कुणावर गेलं होतं, हे मला आजही माहीत नाही. तो राग मी विझू दिलेला नाही, देणारही नाही.

बीडला मी परिचारिकांशी याच कामाबद्दल बोलायला आले होते. त्यांतल्या धारूरच्या एका सिस्टरचा पहाटे फोन आला. ऊसतोडीवरून परतलेल्या एका बाईला रात्री मुलगी झाली, मेलेली. आई फोटो मागतेय, सासू नको म्हणतेय, आणि बाराच्या आत बाळाला पुरायला नेणार आहेत. "येताय का?" एवढंच तिने विचारलं.

वडवणी सुटली आणि गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. ती कशीबशी तेलगावला पोचली आणि तिथे टायर बसला. नऊ वाजून गेले होते. उतरले आणि काळीपिवळी (शेअर जीप) गाठली. भरल्याशिवाय ती हलेना. माझा जीव टांगणीला, आणि ड्रायव्हर निवांत तंबाखू मळतोय. शेजारच्या म्हातारीने चतकोर भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालून पुढे केली. "खाय माय, उपाशी पोटी गाडी लवकर भरत न्हाई," म्हणाली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, पण जिवात जीव आला.

पुढे बालाघाटाचा चढ लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानं झडलेली सीताफळीची झुडपं होती, आणि मग धारूरचा किल्ला दिसला. बघायला वेळ नव्हता.

दवाखान्याच्या पायरीवर बाळाचा बाप, अंकुश, मिठाची पिशवी पायाशी ठेवून बसला होता. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. आत खाटेवर रंजना होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिची सासू पार्वतीबाई भिंतीला टेकून, बाळाला पदराखाली घट्ट धरून बसली होती.

"तुमीच का त्या फोटूवाल्या?" सासू म्हणाली. "कावून (कशाला) आलात एवढ्या लांबून? मेलेल्या लेकराचा फोटू काढीत असतेत व्हय? तिची माया लागंल, पुढलं लेकरू टिकायचं न्हाई."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टरने माझा दंड धरला. बरं झालं. कारण खाटेवरून रंजनाच बोलली.

"आत्याबाई, मामाचा फोटू कवा काढला व्हता?"

मामा म्हणजे रंजनाचे सासरे. सासूने मान फिरवली.

"सांगा की ताईला. जित्तेपणी एक बी नव्हता मामाचा. गेल्यावर खुर्चीत बसवलं, फेटा बांधला, अन् मग फोटूवाला बोलावला. रोज उदबत्ती लावता तुमी त्याला. मग माझ्या लेकीनंच काय घोडं मारलंय?"

अंकुश दारात येऊन उभा होता. "काढू दे की आई," तो म्हणाला.

सासूने पदर बाजूला केला. मग उठली आणि बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं. रंजनाने तेव्हा लेकीला पहिल्यांदा पाहिलं. उसाच्या पाचटाने चिरलेल्या बोटांनी तिने दुपटं बाजूला केलं, एक एक बोट मोजलं. मी खिडकीचा पडदा सारला आणि कॅमेरा उचलला.

"थांबा," पार्वतीबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी पितळेची डबी काढली. नातवंडासाठी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ होतं. बोट बुडवून त्यांनी बाळाच्या गालावर तीट लावली.

"फोटूत नजर लागती लेकराला," त्या म्हणाल्या.

 मला रडू आवरेना. तसेच फोटो काढले.

अंकुश बाळाला घेऊन गेला आणि मी बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसले. चार वाजता ही मंडळी गावाकडे निघणार होती. ओठांचं निळेपण कमी केलं, कातडी सुटलेली जागा सारखी केली, प्रिंट काढून घेतली आणि धावत परतले.

रंजनाने फोटो हातात घेतला आणि छातीशी धरला. सासूने तो मागून घेतला, उजेडाकडे केला.

"तीट कुठं गेली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नातल्या नवऱ्यामुलांच्या गालांवरचे फोड पुसून पुसून हात बिघडलाय. घाईत तीटही पुसली होती. जगाने पुसलेलं जपते म्हणून मिरवणारी मी, आणि आजीचं एवढंसं लेणं मीच पुसलं.

"चुकलं माझं. दुसरा आणते."

"नगं." त्यांनी डबी उघडली, बोट बुडवलं आणि फोटोतल्या गालावर तीट लावली. जरा जास्तच मोठी. मग फोटो सुनेला दिला. "मामाच्या शेजारी लाव," म्हणाल्या. "कुणी काय म्हणलं तर मला सांग."

परतीच्या गाडीत कंडक्टर दुसरा होता, प्रश्न तोच. "लगीन व्हतं का, ताई?"

या वेळी मी गप्प बसले नाही. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "नाही. एक मुलगी मेलेली जन्मली, तिचा फोटो काढायला आले होते. आईनेच काढायला लावला."

कंडक्टरने मान खाली घातली. शेजारची बाई आता उठणार म्हणून मी पाय बाजूला घेतले. ती उठली नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "कुणावानी व्हती?"

"नाक आजीचं होतं," मी म्हटलं.