कूलरपर्यंत न पोचलेली वायर

आर्णीच्या आमच्या सरकारी कचेरीत एकच कूलर होता आणि तो माझ्यापासून सर्वांत लांब होता. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी. हलवावं म्हटलं तर कॉम्प्युटरची नेटची वायर आखूड. खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखी मी तिथेच. कापसाचं गाडं पार बिघडलेली ती वर्षं. वरून पथकांवर पथकं यायची आणि त्यांना हवी ती माहिती भरता भरता दुपारपर्यंत माझं डोकं उकळायचं. मला बढती नको होती, कूलर हवा होता.

म्हणून वायफायचा डबा बसणार हे कळलं त्या दिवशी मी घरी शिरा केला. यवतमाळहून माणूस आला. त्याने जुन्याच वायरींपैकी एक त्या दोन शिंगांच्या डब्याला जोडली, डबा भिंतीवर टांगला, माझ्या कॉम्प्युटरमागे बोटभर तुकडा खोचला आणि म्हणाला, "आता कुठंबी बसा, म्याडम." मी तिथल्या तिथे टेबल ओढत कूलरसमोर नेलं. काय सुख होतं!

ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं. मग नाझर जागे झाले. कचेरीतलं सामान सांभाळणं हे त्यांचं काम. माठावरचा पेलासुद्धा त्यांनी साखळीने बांधलेला. त्यांनी लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, वायरी आत घेतल्या, डबा आत ठेवला आणि कुलूप घातलं. माझं नेट गेलं.

"कपाटात कायले कोंबला, भाऊ? त्याले थंडी वाजून राह्यली का?" मी ओरडले.

"सरकारी माल आहे, म्याडम. चोरी गेला तं जबाब मले द्या लागन."

भांडून भांडून त्यांनी कपाटाचं दार दिवसा उघडं ठेवायचं कबूल केलं. पण कपाटाचं तोंड नेमकं माझ्या जुन्या कोपऱ्याकडे. नेट आलं ते तेवढ्याच कोपऱ्यात. मी हट्टाने कूलरसमोर बसून राहिले, काम न करता.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून पथक आलं. सगळे लॅपटॉप घेऊन त्या कोपऱ्यात गोळा झाले आणि घामाने निथळायला लागले. आमचे साहेब ओरडले, "अरे, कूलर इकडे आना!" शिपायाने तो माझ्या तोंडासमोरून ढकलत नेला. मला रडूच कोसळलं.

पथक गेलं, कूलर तिथेच राहिला. आणि त्याच्यासमोर, माझ्या जुन्या जागेवर, खुर्ची टाकून नाझर.

"दार उघडं आहे ना, म्याडम. राखण करा लागते." राखण डोळे मिटून चालली होती.

तेवढ्यात भिंतीला लोंबणारी माझी आखूड वायर दिसली. मी ती उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. "हा बी सरकारी मालच आहे ना, भाऊ? रिकामा लोंबून राह्यला. याचा जबाब कोन देईन?"

नाझर खुर्ची उचलून चालते झाले, आणि माझं टेबल जागेवर परत आलं.

पुढे तोच यवतमाळचा माणूस खास माझ्यासाठी लांब वायर घेऊन आला. मी त्याला चहा पाजला आणि वायरीसकट परत पाठवलं.