आंब्यासाठी आणलेली बाटली

ही वही कोणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवते. चौथीनंतर पेन धरलं ते वाण्याच्या चिठ्ठीपुरतं. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये.

तुडीलला आमच्या घरामागे आंब्याचं मोठं झाड आहे. मोहोर आला की महाडचे एक म्हातारे व्यापारी फळाचा सौदा करून आगाऊ पैसे देतात. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. एका वर्षी पैसे घेतले, घरावर पत्रे घातले, आणि महिनाभरात झाडाची एक फांदी सुकायला लागली. सालीतून भुशाच्या बारीक काड्या बाहेर आलेल्या, उदबत्तीच्या राखेसारख्या. झाड गेलं तर चाचांचे पैसे कुठून देणार? पत्रे काही उतरवता येत नाहीत.

शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काकी, खोडात घुसणारे भुंगेरे आहेत. ती फांदी कापून जाळ. आणि प्लास्टिकच्या बाटलीला खिडकी पाडून आत थोडी दारू ओत, झाडाला टांग. आजारी झाडाला दारूसारखा आंबूस वास सुटतो, त्यावरच हे येतात."

मग तिने पुस्तकातली गोष्ट सांगितली. थंड देशांत पाइनच्या झाडांवर यांचे भाऊबंद असतात. झाड त्यांना मारायला चिकातून विष सोडतं. पण किड्याच्या अंगात एन्झाइम असतात. ते त्या विषाचा जोर मोडतात, वर त्याचाच वास तयार करतात. त्या वासावर बाकीचे किडे पंगतीला येतात.

हे मला लगेच पटलं. एकदा हलायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासाठी मी कालवणात मुद्दाम दुप्पट मिरची घातली होती. त्याने घाम पुसत दोनदा वाढून घेतलं, आणि पुढच्या रविवारी मेव्हण्याला घेऊन आला.

आता दारू आणायची कोणी? नवरा मुंबईला. मी तर एसटीत कंडक्टरकडे सुटे पैसे मागायला लाजते. तेवढ्यात चाचाच झाड बघायला आले. म्हणाले, "औषध काय ते लिहून दे, मी आणतो." मी चिठ्ठी लिहून दिली आणि दार लोटून आत गेले.

मग बाहेरून आवाज आला, "बाय, अक्षर लागत नाय. 'देशी'च्या पुढं काय?"

मी दाराआडून म्हणाले, "दारू."

"कोणाला?"

"आंब्याला."

"आंबा कधीपासून घ्यायला लागला?"

मग दाराआडूनच सगळं सांगावं लागलं. चाचा हज करून आलेले माणूस. "महाडात मला कुत्रं पण ओळखतं," असं पुटपुटत ते टेम्पोत बसले. संध्याकाळी बाटली आली, वर्तमानपत्रात गुंडाळून, कांद्याच्या पिशवीत खाली.

"पोलादपूरला जावं लागलं. तिथं दुकानातच नेमके आमच्याच मोहल्ल्यातले दोघं भेटले."

"मग?"

"मग काय, माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले."

फांदी कापली, जाळली. दुसऱ्या दिवशी टांगलेल्या बाटलीत तिळाएवढे किडे तरंगत होते. झाड वाचलं, पण फळ निम्मंच आलं. निम्मे आगाऊ पैसे माझ्या अंगावर राहिले. ते मी कोंबड्या, अंडी विकून फेडत आले.

यंदा मे महिन्यात शेवटचे पैसे घेऊन महाडला चाचांच्या दुकानात गेले. ते त्यांनी मोजून घेतले. मग मी बाटलीचे वेगळे पुढे केले. चाचांनी हात मागे घेतला.

"दारूचे पैसे मी घेत नाय. माझ्या वहीत 'दारू' लिहू काय?"

मी तशीच उभी राहिले. बोलता येत नसलं की मला उभं राहता चांगलं येतं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी ते म्हणाले, "बरं, पोलादपूरला गेलो त्या डिझेलचे दे."

डिझेल बाटलीपेक्षा महाग निघालं. ते पैसे दिले, आणि चाचांनी वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली.