हौसाबाईचं मत आणि ओढ्यापलीकडची शाळा

सावेडीहून निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एका पक्षाचा जाहीरनामा होता. जाहीरनाम्यातल्या एका वाक्याखाली मी लाल पेनानं रेघ मारली होती: कमी पटाच्या शाळा बंद करणार नाही. निवृत्त झाले तरी मास्तरीणपणा काही सुटत नाही!

भंडारदऱ्याच्या अंगाला एक वाडी आहे. माझी पहिली नोकरी तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत झाली. शाळेला पाणी भरणारी हौसा तेव्हा नवी नवरी होती. पुढे ती तिथंच पोरांची खिचडी शिजवू लागली. आता पट सातावर आलाय, आणि जूनपासून ही शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत मिळवणार असं पत्र आलंय. जिल्हा परिषदेचं मतदान दोन दिवसांवर होतं, आणि हौसा मत देणार होती नेमकं शाळा बंद करू पाहणाऱ्या पक्षाला. हे फोनवर ऐकलं आणि मी तडक एसटी पकडली.

संगमनेरपर्यंत जागा मिळाली, पुढे अकोले गावापर्यंत मिळाली नाही. पुढे जीपमध्ये कुणीतरी सीटखाली कोंबडी ठेवली होती. तिनं माझ्या अंगठ्याला अशी चोच मारली की मी किंचाळलेच. "काय न्हाई करत, गरीब हाय," मालकीणबाई म्हणाल्या. एवढ्यात वळणावर धरणाचं पाणी दिसलं, हिवाळ्याच्या उन्हात निळंशार, आणि माझा राग तिथल्या तिथं विरला.

हौसानं नागलीची (नाचणीची) भाकरी आणि हुलग्याचं (कुळथाचं) पिठलं केलं होतं. पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. मग मी पिशवीतून जाहीरनामा काढला.

"बाई, आधी जेवा," ती म्हणाली.

"हौसा, शाळा गेली तर तुझं काम जाईल. पोरं पावसात ओढा कशी ओलांडणार? या लोकांचं म्हणणं तुला पटतं का?"

"न्हाई पटत. अजाबात न्हाई."

"मग?"

"मग काय? उभा दत्तू हाय. माझ्या हातची खिचडी खाऊन मोठा झालाय. तुमच्या कागदावालं कोन हायेत, आमी त्यांचं तोंडबी बघितलं न्हाई."

मी चिडले. म्हटलं, निदान अडवून तरी धर. आधी शाळेचं वचन घे, मग मत दे. हौसानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी हलकं बोलले.

"आधी मागितलं तर सौदा झाला, बाई. आपल्या मानसाशी सौदा करत्यात का?"

मला काही ते पटलं नाही. मी तणतणत झोपले.

दुसऱ्या दिवशीही मी तिची समजूत घालून पाहिली. तिनं ऐकून घेतलं आणि वरून चहा पाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतच मतदान होतं. हौसा बोटाला शाई लावून बाहेर आली आणि थेट लांब आंब्याखाली बसलेल्या दत्तूकडे गेली. पांढरे कपडे, नवे बूट, भोवती पंधराएक माणसं.

"दत्तू, दिलं रं तुला मत. आता ऊठ."

"कुठं, मावशी?"

"पलीकडच्या शाळंत. पोरांच्या वाटंनं."

"आज? मावशी, आज मतदान हाय! आन् ते पक्षाचं धोरन हाय, माझ्या हातात…"

"धोरन राहू दे तिकडं. पाय हायेत न्हवं तुला?"

माणसं हसली. दत्तूचे कान लाल झाले. पण तो उठला! मीही मागून निघाले, धापा टाकत. अर्ध्या तासानं ओढा आला. या दिवसांतही पाणी गुडघाभर. दत्तूनं बूट काढले, विजार दुमडली, मध्यापर्यंत गेला. शेवाळावरून घसरला आणि हात टेकून कसाबसा सावरला.

"पावसात किती असतं?" त्यानं हळूच विचारलं.

"तुज्या डोक्यावरनं."

त्यानं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "वरचे ऐकतील का, ठाव न्हाई मावशी. खोटं कशाला बोलू?"

"न ऐकू दे. तवा तू हितं यायचं. सकाळी न् सांजच्याला. सात पोरं हायेत, तूच पल्याड न्यायची. आडोशाला उभा राहू नगंस."

"व्हय," दत्तू म्हणाला. आणि ते थट्टेनं नव्हतं.

मी सावेडीला परतले. दत्तू निवडून आला. शाळेचं अजून काही ठरलेलं नाही. हौसा दर सोमवारी त्याच्या ओसरीवर जाऊन बसते, आणि त्याची आई तिला चहा देते, असं फोनवर कळतं. मला अजूनही वाटतं की ती चुकली. शाळा गेली तर मी तिला तसं सांगणारही आहे.

पण खरं सांगू? ज्या पक्षाला मी जन्मभर मत देत आले, त्याचे आणि माझे विचार शब्दाला शब्द जुळतात. परवा सहज आठवायला बसले, की उद्या माझ्यावर वेळ आली तर त्यांच्यातल्या कुणाला मी अरे-तुरे करून उठवू शकेन. चहा गार झाला, एकही नाव आठवेना.